काळ्या मातीत सिमेंट वाढवून तडे थांबत नाहीत

जळगाव-धुळ्याकडे घर बांधायला काढलं की एक सल्ला हमखास मिळतो: "जमीन काळी आहे ना, सिमेंट जास्त टाका, तडा जाणार नाही." हा गैरसमज आहे.

तडा जातो तो खालची माती हलते म्हणून. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट गटाची खनिजं असतात. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगतात, उन्हाळ्यात आक्रसतात. घराच्या कडेची माती लवकर वाळते, मधली ओल टिकते. पाया एकसारखा बसत नाही. उलट गरजेपेक्षा जास्त सिमेंटचं काँक्रीट सुकताना अधिक आकसतं. म्हणजे पैसे मोजून बारीक तडे विकत घ्यायचे!

ठेकेदाराला दर विचारण्याआधी माती तपासली का, ते विचारा. फुगवट्याची चाचणी साधी असते: चाळलेली कोरडी माती 10 ग्रॅम रॉकेलमध्ये, तेवढीच पाण्यात, दोन मोजपात्रांत. रॉकेलमध्ये ती फुगत नाही. 24 तासांनी फरक डोळ्यांना दिसतो.

काळा थर उथळ असेल तर मुरूम लागेपर्यंत खोदा. मुरूम किती खोल आहे हे गावातला ठेकेदार बरोबर सांगतो, तिथे त्याचं ऐकावं. थर खोल असेल तर तळाशी फुगीर गोळा असलेले अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब), किमान 3.5 मीटर खोल, हे डिझाइन मात्र इंजिनिअरकडूनच घ्या. आणि खोदलेली काळी माती जोत्यात परत भरू देऊ नका. मुरमाचा खर्च वाचवायला ती सर्रास भरली जाते.