फौजदारी कायदा : उद्देश, कार्य व मर्यादा (ग्रामीण विदर्भाच्या संदर्भात)

समाजाला घातक ठरणारी कृत्ये राज्यसंस्था ‘गुन्हा’ म्हणून ठरवते आणि त्यांबद्दल शिक्षा देते. या कृत्यांचा व शिक्षांचा कायदा म्हणजे फौजदारी कायदा. भारतात 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, 2023 लागू आहे. तिच्याआधी 1860 ची भारतीय दंड संहिता दीडशेहून अधिक वर्षे चालली. तपासाची व खटल्याची रीत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, तर पुराव्याचे नियम भारतीय साक्ष्य अधिनियमात सापडतात.

विदर्भातल्या खेड्यात या कायद्याशी पहिली गाठ बहुधा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पडते. शेजाऱ्याने वखरता वखरता धुरा हातभर कोरला, तर तो वाद महसुली किंवा दिवाणी असतो. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी, तहसील, दिवाणी न्यायालय अशी वाट आहे. त्याच धुऱ्यावर बोलाचाली होऊन कोणी थापड मारली की गुन्हा घडतो, पण तो अदखलपात्र. ठाण्यात ‘एनसी’ (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतात आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. हाड मोडले किंवा कुऱ्हाड चालली, तर गुन्हा दखलपात्र होतो. पोलीस पाटील ठाण्याला कळवतो, पंचनामा होतो, कुऱ्हाड मुद्देमाल म्हणून जमा होते, ग्रामीण रुग्णालयाचा दाखला लागतो. येथून पुढे खटला दोन शेजाऱ्यांचा राहत नाही. कागदावर तो ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक’ असा होतो आणि मार खाल्लेला माणूस त्यात फिर्यादी व साक्षीदार एवढाच उरतो. सूड घेण्याचा हक्क माणसाकडून काढून राज्याने आपल्या हाती घेणे, हे फौजदारी कायद्याचे सर्वांत मोठे कार्य मानावे लागेल. त्याची किंमत मात्र फिर्यादी मोजतो. वर्षानुवर्षे तारखा करून आरोपीला शिक्षा झाली, तरी “मंग माह्या धुऱ्याचं काय?” या त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या निकालपत्रात नसते.

गुन्हा ठरायला कृतीबरोबर करणाऱ्याचे मनही पाहावे लागते. हे तत्त्व समजायला कुंपणातल्या करंटचे उदाहरण पुरेसे आहे. रानडुकरे आणि रोही (नीलगायी) उभे पीक एका रात्रीत लोळवतात. बॅटरीवर चालणाऱ्या झटका मशीनचा धक्का क्षणभराचा असतो, जनावर पळते. पण काही जण खांबावरच्या तारेला आकडा टाकून थेट वीज कुंपणात सोडतात. मग पहाटे ओलिताला निघालेला शेजारी त्या तारेला चिकटतो. शेतकऱ्याला त्याला मारायचे नव्हते, म्हणून हा सहसा खून ठरत नाही. तरी तो निर्दोषही नाही. निष्काळजीपणा ठरला तर संहितेच्या कलम 106 प्रमाणे 5 वर्षांपर्यंत कैद होते. या तारेने माणूस मरू शकतो हे त्याला माहीत होते असे सिद्ध झाले, तर कलम 105 चा सदोष मनुष्यवध होतो आणि कैद 10 वर्षांपर्यंत जाते. तार कोणत्या वाटेवर होती, रात्री तिथून माणसे जातात का, आजूबाजूच्यांना आधी सांगितले होते का, अशा बारीक गोष्टींवरून न्यायालय आरोपीच्या मनाचा अंदाज घेते. बिहारमधल्या अशाच एका खटल्यात आरोपीने आपल्या शौचालयाच्या वाटेवर उघडी तार लावली होती आणि शेजारची बाई तिला चिकटून मेली. मालमत्तेच्या बचावासाठी तार लावली, हे त्याचे म्हणणे सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्ये फेटाळले. विनापरवानगी हद्दीत शिरला म्हणून कोणाचा जीव घेण्याचा हक्क मिळत नाही. कुंपणाला वाघ चिकटून मेला, तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली वेगळा गुन्हा दाखल होतो.

शिक्षेचे हेतू पाठ्यपुस्तकांत जरब, प्रतिशोध, गुन्हेगाराला दूर ठेवणे, सुधारणा आणि पीडिताची भरपाई असे सांगतात. पैकी सुधारणेचा हेतू अमरावती जिल्ह्यात मोर्शीच्या खुल्या कारागृहात प्रत्यक्ष दिसतो. तिथे चांगल्या वर्तणुकीचे कैदी उंच भिंतींआड न राहता शेती करतात. नव्या संहितेने समाजसेवा हीही शिक्षा मानली आहे. 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर तुरुंग टळतो.

इतकी ताकद हाती असलेल्या राज्याला आवर घालणे, हेही याच कायद्याचे काम आहे. कृत्य घडले तेव्हा जो गुन्हा नव्हता त्याबद्दल शिक्षा करता येत नाही, एकाच गुन्ह्याची शिक्षा दोनदा देता येत नाही, आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही (संविधान, अनुच्छेद 20). अटक केलेल्याला 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे न्यावे लागते. हे आवर नसले म्हणजे काय होते, ते 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने दाखवले. त्याने पारध्यांसारख्या अनेक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. 1952 मध्ये तो कायदा गेला, पण गावात चोरी झाली की संशय अजून आधी पारधी बेड्यावर (वस्तीवर) जातो. कायदा रद्द करून ही सवय जात नाही.

दुसरी जखम आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजची. 1972 मध्ये तिथल्या पोलीस ठाण्यातच एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोघा पोलिसांना दोषी ठरवले, पण सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये त्यांना सोडले, कारण मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार व वसुधा धागमवार या चार प्राध्यापकांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. ताब्यातील बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि बाईने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तेच गृहीत धरावे, असे ठरले. आरोपी मात्र सुटलेलेच राहिले.

फौजदारी कायद्याच्या मर्यादेचा सर्वांत मोठा धडा दारूबंदीने दिला. वर्ध्यात बंदी जुनी आहे, गडचिरोलीत ती 1993 मध्ये आली. चंद्रपूरच्या बायकांनी त्यासाठी चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी मोर्चा नेला आणि 1 एप्रिल 2015 पासून त्यांच्या जिल्ह्यातही बंदी झाली. 2021 मध्ये सरकारने ती उठवली. अवैध दारू आणि त्याभोवतीची गुन्हेगारी वाढल्याचे कारण दिले गेले. त्या बायकांची मागणी चुकीची नव्हती, कारण नवऱ्याच्या दारूत मजुरी जाते हे त्या रोज पाहत होत्या. पण विकणारा, पिणारा आणि पाहणारा यांपैकी कोणीच फिर्याद देत नाही अशा कृत्यात सारा भार धाडीवर येतो, आणि धाड सगळीकडे, रोज पडू शकत नाही. गडचिरोलीत मुक्तिपथ अभियानाने गावोगावच्या समित्या व व्यसनमुक्ती उपचार यांची जोड दिली, ती याच कारणाने.

काही ठिकाणी कायद्याने स्वतःच माघार घेतली. जुन्या संहितेच्या कलम 309 प्रमाणे विष पिऊन वाचलेला शेतकरी शुद्धीवर आला की आरोपी होई. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 ने असा माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरायला सांगितले, आणि नव्या संहितेत ते कलम आले नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला आत्महत्येचा प्रयत्न तेवढा कलम 226 खाली गुन्हा राहिला. त्या शेतकऱ्याच्या कर्जाचा प्रश्न या संहितेत कुठेच येत नाही. बेकायदा सावकाराने जमीन लिहून घेतली असेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 खाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करावा लागतो. खरेदीखत अवैध ठरवून जमीन परत देण्याचा आदेश त्यालाच काढता येतो.