हॅम्पस्टेड: टेकडीच्या पोटातले स्थानक

लंडनच्या भुयारी रेल्वेवरील हॅम्पस्टेड स्थानकाचे फलाट जमिनीखाली ५८.५ मीटरवर आहेत. रस्त्याच्या पातळीपासून मोजले, तर त्या संपूर्ण जाळ्यात इतके खोल दुसरे स्थानक नाही. ही खोली पाहून येथे रूळ पाताळात उतरत असावेत असा समज होतो, पण तो बरोबर नाही. दक्षिणेकडून आलेला बोगदा खाली उतरत नाही, त्याच्या डोक्यावर टेकडी वाढत जाते. टेकडीपलीकडे पुढच्याच स्थानकाशी, गोल्डर्स ग्रीनला, तीच गाडी उघड्यावर येते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॅम्पस्टेड हे लंडनला लागून असलेले, पण उंचीमुळे काहीसे अलिप्त राहिलेले सधन उपनगर होते. तेथील माळाचा, म्हणजे हॅम्पस्टेड हीथचा, माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १३४ मीटर उंच आहे. १८६० मध्ये आलेली वाफेची रेल्वे टेकडीच्या पायथ्याशीच राहिली, आणि ट्रामही खाली साउथ एंड ग्रीनच्या वर चढली नाही. वरच्या वस्तीपर्यंत गाडी न्यायची, तर चढ टाळून टेकडीच्या खालूनच जाणे भाग होते.

हे शक्य झाले ते तीन गोष्टींमुळे. चिकणमातीत लोखंडी ढालीच्या आड खोदत जायचे आणि मागे बिडाच्या कड्या बसवत यायचे, ही पद्धत लंडनमध्ये रुळली होती. १८९० मध्ये सुरू झालेल्या सिटी अँड साउथ लंडन रेल्वेने खोल बोगद्यात विजेवर गाडी चालवून दाखवली होती. आणि प्रवाशांना वर-खाली नेण्यासाठी लिफ्ट उपलब्ध होती. तिसरी गोष्ट निर्णायक म्हणावी लागेल, कारण लंडनच्या भुयारी रेल्वेवर सरकते जिने १९११ मध्ये, म्हणजे हा मार्ग सुरू झाल्यानंतर आले.

चेरिंग क्रॉस, यूस्टन अँड हॅम्पस्टेड रेल्वेला संसदेची मंजुरी १८९३ मध्येच मिळाली होती. मार्गाचे उत्तर टोक हॅम्पस्टेडच्या हीथ स्ट्रीटवर ठरले होते, पण पुढची काही वर्षे भांडवल उभे राहिले नाही. शिकागोच्या ट्रामधंद्यात पैसा आणि बदनामी दोन्ही कमावलेल्या चार्ल्स येर्कीस यांनी १९०० मध्ये ही कागदावरची कंपनी ताब्यात घेतली आणि मार्ग टेकडीपलीकडे, तेव्हा निव्वळ शेतजमीन असलेल्या गोल्डर्स ग्रीनपर्यंत नेण्याचे ठरवले. वस्तीकडे रेल्वे नेण्याऐवजी रेल्वे नेऊन वस्ती घडवायची, हा हिशेब त्यामागे होता.

बोगदा आता माळाखालून जाणार म्हटल्यावर विरोध उसळला. बोगद्यामुळे माळावरचे पाणी झिरपून जाईल आणि गाड्यांच्या हादऱ्यांनी झाडे मरतील, अशी भीती बोलून दाखवली गेली. ती निराधार होती. माळाच्या माथ्यावर पाणी धरून ठेवणाऱ्या वाळूचा थर आहे. बोगदा त्याच्या कितीतरी खाली, पाणी सहसा न सोडणाऱ्या चिकणमातीत जातो. विस्ताराला १९०२ मध्ये मंजुरी मिळाली.

या विस्तारावर हॅम्पस्टेडपेक्षाही खोल, सुमारे ६७ मीटरवर, आणखी एक स्थानक होणार होते. नॉर्थ एंड किंवा बुल अँड बुश या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या स्थानकाचे फलाट खणूनही झाले. मात्र आसपासची शेतजमीन घरांखाली जाऊ नये म्हणून समाजसुधारक हेन्रिएटा बार्नेट यांनी चळवळ उभारली, मोठा भाग माळाला जोडला गेला आणि अपेक्षित प्रवासीच उरले नाहीत. १९०६ मध्ये, वर इमारत उभी राहण्याआधीच, ते स्थानक सोडून देण्यात आले. म्हणजे माळ वाचवणाऱ्यांना रेल्वे अडवता आली नाही, पण तिचे एक स्थानक मात्र त्यांनी बंद पाडले.

येर्कीस डिसेंबर १९०५ मध्ये वारले. २२ जून १९०७ रोजी ब्रिटिश सरकारच्या व्यापार मंडळाचे अध्यक्ष डेव्हिड लॉइड जॉर्ज यांच्या हस्ते मार्गाचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी मार्गाची दुसरी शाखा हायगेट या तेव्हाच्या नावाने, आज आर्चवे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्थानकापर्यंत सुरू झाली. विनायक दामोदर सावरकर त्या काळात राहत होते ते क्रॉमवेल अव्हेन्यूवरील इंडिया हाउस याच हायगेट भागात होते.

हॅम्पस्टेडची रस्त्यावरील इमारत वास्तुविशारद लेस्ली ग्रीन यांची. बाहेरून गडद तांबड्या चकाकत्या फरशा आणि आत प्रत्येक स्थानकाला वेगळी रंगसंगती, ही त्यांची ठेवण येथेही आहे. गोल्डर्स ग्रीनभोवती घरे झपाट्याने उभी राहिली, आणि १९२३-२४ मध्ये मार्ग हेंडन व एजवेअरपर्यंत गेला. हॅम्पस्टेडला सरकते जिने बसलेच नाहीत. तेथील लिफ्टची विहीर सुमारे ५५ मीटरची, या जाळ्यातील सर्वांत खोल. लिफ्टने जायचे नसेल, तर ३२० पायऱ्यांचा गोल जिना आहे. खाली फलाटाच्या भिंतीवरील फरशांत ‘हीथ स्ट्रीट’ हे सुरुवातीला योजलेले नाव अजून वाचता येते.