घरच्या घरी सीएनसी मिलिंग मशीन: आधी सांगाडा, मग सर्किट

सोलापुरी चादरीवरची नक्षी जेकार्ड मागावर उतरते ती कार्डावरच्या भोकांमुळे. भोक समोर आलं की सुई आत जाते, तिच्याशी जोडलेला हूक उचलला जातो आणि ताण्याचा धागा वर येतो. भोक नसेल तर धागा खालीच राहतो. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जाकारनं ही यंत्रणा १८०४ च्या सुमारास उभी केली. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीनं अंकांवर चालणारं मिलिंग मशीन, म्हणजे फिरत्या कटरनं धातू कापणारं आजच्या सीएनसीचं पूर्वरूप, जगाला दाखवलं, तेव्हा त्यालाही हुकूम मिळत होते ते भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरूनच. हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी लागणारे वक्र आकार अचूक कसे कापायचे, या जॉन पार्सन्स यांच्या खटपटीतून ते काम सुरू झालं होतं. आज पट्टीच्या जागी जी-कोड, म्हणजे मजकुरात लिहिलेले हालचालींचे हुकूम, आला आहे आणि तेव्हाच्या मोठमोठ्या कपाटांचं काम तळहातावर मावणारा आर्दुइनो उनो हा नियंत्रक बोर्ड करतो. त्यामुळे हौशी माणसालाही असं मशीन घरी बनवता येतं.

मात्र बहुतेक जण सुरुवात मोटर, ड्रायव्हर (मोटरला वीज पुरवणारं सर्किट) आणि बोर्ड विकत घेण्यापासून करतात, आणि तिथेच गणित चुकतं. इलेक्ट्रॉनिक्स हा या मशीनचा सर्वांत सोपा भाग आहे. बोर्ड जळला तर दुसरा मिळतो, पण सांगाडा लेचापेचा झाला तर पुढचं सगळं त्याच्यासोबत थरथरतं.

हे आकड्यांत पाहू. ६ मिमीच्या कटरनं ॲल्युमिनियममध्ये अर्धा मिमी खोल, मिनिटाला ६४० मिमी वेगानं खाच कापली तर मिनिटाला साधारण १.९ घनसेंमी धातू निघतो. त्याला लागणारी ताकद भरते जेमतेम ३० वॅट. दीड किलोवॅटचा स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारी मोटर, त्या कामात जवळपास मोकळाच फिरत असतो. म्हणजे अडचण ताकदीची नसते, वाकण्याची असते. १६ मिमी जाडीचा आणि ५०० मिमी लांबीचा, फक्त दोन टोकांवर टेकलेला स्टीलचा गोल रॉड घ्या. मध्यभागी ५० न्यूटन, म्हणजे साधारण ५ किलोचा भार दिला की तो ०.२ मिमी वाकतो. त्याच अंतरावर १०० × १०० × ५ मिमीची चौकोनी नळी त्याच भाराखाली एक मायक्रॉनही (मिमीचा हजारावा भाग) वाकत नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त किटमध्ये असे अधांतरी रॉड असतात. लाकडावर नाव कोरायला ते चालतात, ॲल्युमिनियममध्ये शिरलं की मशीन किंचाळायला लागतं.

आपलं लक्ष्य ठरवू: ॲल्युमिनियम, हायलम (थर दाबून बनवलेला कडक तक्ता), नायलॉन, लाकूड आणि एमडीएफ (दाबलेल्या लाकडी तंतूंचा तक्ता). लोखंड नको. ६ मिमीच्या कार्बाइड कटरला माइल्ड स्टीलमध्ये साधारण ५,००० आरपीएम (मिनिटाला फेरे) लागतात आणि हे वेगवान स्पिंडल इतक्या खाली आले की त्यांच्यात जोर उरत नाही. हालचाल एक्स (डावी-उजवीकडे) ३०० मिमी, वाय (पुढे-मागे) ४०० मिमी, झेड (वर-खाली) १०० मिमी पुरे. रचना स्थिर गँट्रीची घ्यावी, म्हणजे कमान जागेवर पक्की आणि टेबल तिच्याखालून पुढे-मागे सरकणार. जागा जास्त लागते हे खरं, पण कमान थेट बेसला वेल्ड करता येते.

नळ्या, पट्ट्या आणि फ्लॅट गावातल्या कोणत्याही लोखंडाच्या दुकानात कापून मिळतात. जुन्या मागांच्या बिडाच्या चौकटी भंगारात दिसल्या की मोह होतो, कारण बीड कंपनं चांगलं गिळतं. पण त्याचं वेल्डिंग सहज होत नाही, आणि चौकटींत भोकं आणि फासळ्या इतक्या असतात की सपाट जागा सापडत नाही. बेसखाली बोल्टनं आवळायचं वजन म्हणून त्या चौकटी उत्तम. नळीतली कंपनं मारायला आत पूर्ण कोरडी वाळू ठासून भरावी आणि तोंडं बंद करावीत. वाळूत ओल राहिली तर नळी आतून गंजते.

बेस १०० × ५० × ४ मिमी नळीचा, ८५० × ५५० मिमी. आधी चारही कोपऱ्यांना फक्त टाके मारा आणि दोन्ही कर्ण मोजा. ते १,०१२ मिमीच्या आसपास यायला हवेत आणि दोघांतला फरक एका मिमीच्या आत हवा. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांवर आळीपाळीनं, एका वेळी दोन-तीन सेंटीमीटर एवढंच वेल्डिंग करावं. एका बाजूनं सलग ओढत नेलं तर नळी त्या बाजूला ओढली जाते आणि ती नंतर हातोड्यानं सरळ होत नाही.

कितीही काळजी घेतली तरी वेल्ड केलेली चौकट सपाट नसते. तिच्यावर थेट रेल, म्हणजे हालते भाग जिच्यावरून सरकतात ती पट्टी, बसवली तर रेल चौकटीचा आकार घेते. यावर दोन उपाय आहेत. पहिला, रेलच्या जागी १२ मिमीच्या पट्ट्या वेल्ड करून वेल्डिंगनंतर त्या मिलिंग किंवा प्लेनरवर एका सेटिंगमध्ये सपाट करून घेणं. मागांचे सुटे भाग बनवणारे वर्कशॉप सोलापुरात आहेत, अक्कलकोट रोड एमआयडीसीत जॉबवर्क करणारेही मिळतात. आपली चौकट मावेल एवढ्या लांब बेडचं मशीन आहे का, हे मात्र आधी विचारावं.

दुसरा उपाय इपॉक्सीचा. पट्ट्यांभोवती टेपचा बांध घालायचा, दोन्ही पट्ट्या एका अरुंद पाटानं जोडायच्या आणि पातळ, सावकाश घट्ट होणारं इपॉक्सी ५ मिमी जाडीनं ओतायचं. पाटामुळे द्रव दोन्हीकडे एकच पातळी धरतो, म्हणून दोन्ही रेल आपोआप एकाच प्रतलात येतात. त्याआधी बेस स्पिरिट लेव्हलनं शक्य तितका समतल करावा, नाहीतर एका टोकाला थर पातळ पडतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे काम दुपारी करूच नये. उष्णतेनं हार्डनर भराभर काम करतो आणि द्रव पसरून स्थिर व्हायच्या आत घट्ट होतो. थंडीच्या दिवसांत, किंवा निदान रात्री उशिरा ओतावं. हवेचे बुडबुडे वर आले की त्यांवरून हीट गन लांबून फिरवली म्हणजे फुटतात. घट्ट झाल्यावर कडेची दोन-चार मिमी पट्टी वर चढलेली दिसते, ती खरवडून टाकावी आणि रेल तिच्यापासून लांब ठेवावी. आठवडाभर थांबल्याशिवाय बोल्ट आवळू नयेत.

रेल वाय अक्षाला एचजीआर २० या मापाची ८०० मिमी लांबीची जोडी, एक्सला तीच ५०० मिमी, झेडला एचजीआर १५ ची ३०० मिमी जोडी. प्रत्येक रेलवर दोन ब्लॉक, म्हणजे आत गोळ्या असलेले सरकते ठोकळे. बसवताना एक रेल मुख्य धरायची. तिला सरळपट्टीला टेकवून मधल्या बोल्टपासून टोकांकडे आवळत जायचं. मग तिच्या ब्लॉकवर डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारं मापक) उभा करायचा, त्याचं टोक दुसऱ्या रेलच्या बाजूला टेकवायचं आणि ब्लॉक सावकाश सरकवायचा. काटा हलला की त्या ठिकाणचा बोल्ट सैल करून रेल किंचित ढकलायची, पुन्हा आवळायची, पुन्हा पाहायचं. संपूर्ण लांबीत काटा ०.०२ मिमीपेक्षा जास्त हलू नये. यात अर्धा दिवस गेला तरी तो सार्थकी लागला समजावा. टेबल एका टोकाला मोकळं आणि दुसऱ्या टोकाला जड चालत असेल तर रेल समांतर नाहीत. जास्त ताकदीची मोटर लावून ते दडपू नये, त्यात ब्लॉकमधल्या गोळ्यांचं मरण आहे.

अक्ष सरकवणारे बॉल स्क्रू तिन्ही अक्षांना एसएफयू १६०५, म्हणजे १६ मिमी व्यास आणि एका फेऱ्याला ५ मिमी सरक. एका टोकाला बीके १२, दुसऱ्याला बीएफ १२, हे स्क्रूचे बेअरिंगचे आधार. बीके स्क्रूला घट्ट धरतो आणि बीएफ त्याला लांबीत सरकू देतो. गरमीत स्क्रू वाढतो, त्या वाढीला ही मोकळीक लागते. बॉल नट स्क्रूवरून काढू नये, गोळ्या सांडतात. नटात प्ले (ढिलेपणा) आहे अशी तक्रार असते, तेव्हा पुष्कळदा दोष बीकेचं लॉकनट सैल राहिल्याचा निघतो.

तापमानाचा विषय इथेच संपवू. १५ अंशांचा फरक पडला तर ६०० मिमी ॲल्युमिनियम ०.२ मिमी वाढतं आणि तेवढंच स्टील ०.१ मिमी. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे महिन्यांत सकाळ ते दुपार एवढा फरक सहज पडतो. ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलवर स्टीलची रेल आवळलेली असेल तर जोड धनुष्यासारखा वाकतो. सांगाडा, रेल आणि स्क्रू तिन्ही लोखंडी असले की सगळं मिळून एकाच प्रमाणात वाढतं.

आता मोटर. २ न्यूटन-मीटरच्या आसपासचे नेमा २३ मापाचे स्टेपर (पावलापावलानं फिरणारे मोटर) तीन, डीएम५४२ ड्रायव्हर तीन आणि ३६ व्होल्ट, १० ॲम्पिअरचा पॉवर सप्लाय. ड्रायव्हरची मर्यादा ५० व्होल्ट असली तरी सोलापूरच्या उन्हात बंद पेटीत ३६ वर ठेवणं शहाणपणाचं. पेटीला पंखा आणि जाळी हवीच. परिसरात माग चालत असतील तर हवेतले सुताचे तंतू जाळीत अडकतात आणि ग्रीस लावलेल्या स्क्रूवर चिकटतात. म्हणून जाळी दर आठवड्याला झाडावी आणि स्क्रूवर रबरी भाता बसवावा. वीज चालू असताना मोटरची वायर ड्रायव्हरमधून कधीही काढू नये, ड्रायव्हर तत्क्षणी जातो.

बॉल स्क्रू स्वतःला अडवून धरत नाही. वीज गेली की चार-पाच किलोचा स्पिंडल झेड अक्षावरून घसरत खाली येतो आणि कटर जॉबवर आपटतो. झेडला ब्रेक असलेली मोटर घ्यावी. नसेल तर बंद करण्यापूर्वी स्पिंडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायची सवय लावावी, पण अचानक गेलेल्या विजेला ठोकळ्याची सवय उपयोगी पडत नाही, म्हणून ब्रेकच बरा.

स्पिंडल दीड किलोवॅटचा, ईआर ११ कोलेटचा (कटर पकडणारी चिमटी), व्हीएफडीवर (मोटरचा वेग ठरवणाऱ्या उपकरणावर) चालणारा. २४,००० आरपीएमचे हे मोटर ४०० हर्ट्झचे असतात. व्हीएफडी सुरू करण्याआधी कमाल आणि बेस, दोन्ही फ्रिक्वेन्सी ४०० वर टाकाव्यात. बेस ५० वर राहिली तर कमी वेगालाच पूर्ण व्होल्टेज मिळतं आणि वाइंडिंग जळतं. हवेनं थंड होणारा स्पिंडल १२० हर्ट्झच्या, म्हणजे ७,२०० आरपीएमच्या खाली चालवू नये, त्याचा पंखा त्याच शाफ्टवर असतो.

व्हीएफडी हा विजेच्या गोंगाटाचा उगम आहे. स्पिंडलची केबल शील्ड असलेली घ्यावी, शील्ड व्हीएफडीच्या बाजूला अर्थ करावी आणि लिमिट स्विचच्या (अक्षाचं टोक आल्याचं सांगणाऱ्या स्विचच्या) वायरींपासून ती हातभर लांब न्यावी. तसं केलं नाही तर मशीन मध्येच लिमिट लागल्याचं सांगून थांबतं आणि स्विचला कोणी हातही लावलेला नसतो. स्विच नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे एरवी सर्किट जोडलेलं राहील असे, जोडावेत, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबेल, आणि उनोवर चालणाऱ्या जीआरबीएल या प्रोग्राममध्ये $५ ही सेटिंग १ करावी. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात सुकला की त्याचा रोध वाढतो. मार्चनंतर त्यात अधूनमधून पाणी सोडावं. लाल इमर्जन्सी बटण हाताच्या टप्प्यात, जॉबच्या पलीकडे नव्हे.

मोटरचे एका फेऱ्याला २०० स्टेप, ड्रायव्हरवर ८ चं मायक्रोस्टेपिंग (एका स्टेपचे आठ भाग), म्हणजे १,६०० पल्स. फेऱ्याला ५ मिमी, म्हणून जीआरबीएलमधल्या मिमीमागे पल्सच्या सेटिंग $१००, $१०१ आणि $१०२ तिन्ही ३२०. उनो सेकंदाला ३०,००० पल्स देऊ शकतो, म्हणजे मिनिटाला ५,६०० मिमीपर्यंत. पण कमाल वेग २,५०० ठेवावा आणि ॲक्सिलरेशन १०० पासून चढवत जावं. मोटर कण्हून थांबली की दोन पावलं मागे यावं.

कटरच्या आधी स्पिंडलचा उभेपणा बघावा. कोलेटमध्ये वाकवलेली तार पकडून तिच्या टोकाला डायल बांधायचा आणि टेबलावर २०० मिमी व्यासाचं वर्तुळ हातानं फिरवायचं. पुढे-मागे, डावी-उजवीकडे काटा ०.०३ मिमीच्या आत राहीपर्यंत झेडच्या पट्टीमागे शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) घालायचे.

ॲल्युमिनियमला एका धारेचा ६ मिमी कार्बाइड कटर, १६,००० आरपीएम आणि दाताला ०.०४ मिमी. गुणाकार केला की मिनिटाला ६४० मिमी फीड, म्हणजे कटर पुढे सरकण्याचा वेग, येतो. भीतीनं फीड निम्मा केला तर कटर कापायच्या ऐवजी घासतो, धातू तापून धारेला चिकटतो आणि पुढच्या क्षणी कटर मोडतो. भीती वाटत असेल तर खोली कमी करावी, फीड नाही. फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे नकोत, गॉगल हवाच, एमडीएफला मास्क हवा.

पहिला खरा जॉब ५० मिमीचा चौकोन आणि त्यात ४० मिमीचं वर्तुळ असा असावा, कारण तो मशीनचे दोष दाखवून देतो. वर्तुळाला वर-खाली आणि डावी-उजवीकडे, म्हणजे अक्ष दिशा बदलतो तिथे, बारीक चपटे भाग दिसले तर प्ले आहे. वर्तुळ तिरक्या दिशेनं लांबट झालं तर एक्स आणि वाय काटकोनात नाहीत. तळाला पायऱ्या दिसल्या तर स्पिंडल तिरका आहे. एखाद्या पातळीपासून पुढचं सगळं सरकलेलं दिसलं तर स्टेप चुकले आहेत, म्हणजे ॲक्सिलरेशन जास्त आहे किंवा रेल अडकते आहे.

चौकोन ५०.०६ मिमी भरला की बरेच जण लगेच ३२० च्या जागी ३१९.६ टाकतात. आधी १०० मिमीचा दुसरा चौकोन कापावा. तो १००.१२ भरला तर चूक लांबीच्या प्रमाणात वाढते आहे, म्हणून स्क्रू आणि स्टेपची शंका घ्यावी. पण तो १००.०६ भरला तर चूक तेवढीच राहिली आहे, आणि दोष बहुधा कटरचा असतो: ६ म्हणून घेतलेला कटर प्रत्यक्षात ५.९४ मिमीचा आहे. मायक्रोमीटरनं कटर मोजावा, जी-कोड तयार करणाऱ्या कॅम सॉफ्टवेअरमध्ये ५.९४ भरावा आणि ३२० ला हात लावू नये.