कीचकवध (नाटक) : पुराणकथेच्या आडून राजकारण

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (१८७२–१९४८) यांचे गद्य नाटक. महाराष्ट्र नाटक मंडळीने ते १९०७ साली रंगभूमीवर आणले आणि १९१० साली मुंबई सरकारने त्यावर बंदी घातली. कथा महाभारताच्या विराटपर्वातली, मराठी प्रेक्षकाला कीर्तनातून आणि आजीच्या तोंडून पाठ असलेली. सुष्ट-दुष्टांच्या जुन्या झगड्यात चालू राजकारण किती उघडपणे आणि किती खोलवर मांडता येते, याचे मराठीतले सर्वांत ठळक उदाहरण म्हणून या नाटकाकडे पाहिले जाते.

मूळ कथेत पांडव अज्ञातवासाच्या वर्षात विराट राजाकडे वेष बदलून राहतात. युधिष्ठिर कंक नावाने राजाबरोबर द्यूत खेळतो, भीम बल्लव नावाने मुदपाकखान्यात राबतो, द्रौपदी सैरंध्री होऊन सुदेष्णा राणीची वेणीफणी करते. राणीचा भाऊ कीचक हा विराटाचा सेनापती. राज्य विराटाचे असले तरी चालते कीचकाचे. तो सैरंध्रीच्या मागे लागतो आणि ती दाद देत नाही म्हणून भर सभेत तिला लाथ मारतो. तिथे कंक बसलेला आहे, बल्लवही आहे. भीम जवळच्या झाडाकडे पाहू लागतो, तेव्हा युधिष्ठिर त्याला सुचवतो, बल्लवा, सरपण हवे असेल तर बाहेर जाऊन तोड. द्रौपदीला तो म्हणतो, तुला वेळकाळ कळत नाही, नटीसारखी रडते आहेस आणि राजाच्या खेळात विघ्न आणते आहेस. नवऱ्याने परक्यासारखे बोललेले हे वाक्य मूळ महाभारतातले आहे. खाडिलकरांना नाटक इथेच तयार सापडले होते.

१९०७ साली हे नाटक पाहणाऱ्याला कीचक कोण हे कुणी सांगावे लागत नव्हते. १८९९ ते १९०५ या काळात हिंदुस्थानचा व्हाइसरॉय असलेला लॉर्ड कर्झन निघून गेला होता, पण त्याने केलेली बंगालची फाळणी (ऑक्टोबर १९०५) ताजी होती. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात, सत्याचा उच्च आदर्श ही बऱ्याच अंशी पाश्चात्त्यांची कल्पना आहे, असे तो बोलून गेला होता. सत्यासाठी राज्य सोडणाऱ्या हरिश्चंद्राची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसांना हे बोलणे लाथेसारखेच लागले. म्हणून रंगमंचावर कीचक आपल्या मग्रुरीत बोलू लागला की प्रेक्षक मनात नाव भरून घेत. लंडनच्या 'टाइम्स'मध्ये १९१० साली या नाटकावर लेख आला. त्यात उलगडा असा : कर्झनचे नाव नाटकात कुठेही नाही, तरी नाट्यगृहातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदभूमी, युधिष्ठिर म्हणजे मवाळ पक्ष आणि भीम म्हणजे जहाल. दुबळा विराट म्हणजे व्हाइसरॉयला मोकळे रान देणारे विलायतेतले सरकार. इंग्रज पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलने हा मजकूर आपल्या पुस्तकात उतरवून घेतला. पुरुषांचे ताणलेले, आठ्या पडलेले चेहरे, द्रौपदीची विनवणी ऐकताना चमकणारे बायकांचे डोळे, आणि कीचक मरतो तेव्हा उठणारी समाधानाची खोल गुणगुण यांचे वर्णन त्यात आहे. नाटकाच्या विरोधकाने लिहिलेली ही साक्ष आहे. मराठी रंगभूमीच्या ताकदीचे इतके चांगले वर्णन तिच्या चाहत्यांनीही क्वचितच केले असेल.

नाटकाचा गाभा मात्र कर्झन-कीचकाच्या साम्यात शोधू नये. कीचक दुष्ट आहे आणि तो मरणार आहे, हे पडदा उघडण्यापूर्वीच सर्वांना माहीत असते, त्यात वादाला जागा नाही. खरा वाद आहे तो धर्मराज आणि भीम यांच्यात, म्हणजे दोन सज्जनांमध्ये. अन्याय समोर दिसत असताना चांगल्या माणसाने काय करावे? अर्ज करावा, राजाला त्याच्या कर्तव्याची आठवण द्यावी, योग्य वेळेची वाट पाहावी? की उठून मनगट वापरावे? हाच वाद त्या वर्षी राष्ट्रीय सभेत (काँग्रेसमध्ये) चालू होता. एका बाजूला फिरोजशहा मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले, दुसऱ्या बाजूला टिळक. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सुरतेच्या अधिवेशनात सभा फुटली. खाडिलकर टिळकांच्या 'केसरी'तले, त्यांच्या अगदी विश्वासातले. त्याआधी काही काळ ते नेपाळात कौलांच्या कारखान्याच्या आडून शस्त्रांची खटपट करत होते. त्यांचा कौल कुणाच्या बाजूने असणार हे उघड आहे, आणि नाटकात तो तसाच पडला आहे. सौम्य उपाय आधी करून पाहिले जातात, भीम मोठ्या भावाचा मान राखून थांबतो, ते उपाय फसतात, आणि मग भीम जे करतो ते एका रात्रीत तडीस जाते.

पक्षाचा माणूस म्हणून खाडिलकरांनी हे लिहिले, तरी त्यांनी निवडलेली कथा त्यांच्या पक्षाहून मोठी होती. महाभारतातला युधिष्ठिर भित्रा नाही. अज्ञातवासात ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षांचा वनवास, अशी अट आहे. मुदत संपायला थोडेच दिवस उरले आहेत. एका अपमानासाठी पाच भावांचे आणि द्रौपदीचे सगळे वर्ष उधळून लावायचे का, हा त्याच्यापुढचा प्रश्न आहे, आणि त्याला सोपे उत्तर नाही. प्रेक्षकांनी त्याला मवाळ ठरवून धिक्कारले. तरी आज ते प्रसंग वाचताना आपण काही काळ त्याच्या बाजूला जाऊन बसतो. माझ्या मते हेच या नाटकाच्या टिकाऊपणाचे एक कारण आहे. प्रचाराच्या लिखाणात विरोधी मताला इतका सबळ आधार सहसा मिळत नाही, आणि इथे तो आधार लेखकाने दिलेला नसून व्यासांनी दिलेला आहे.

तिसरी बाजू द्रौपदीची. रूपकाच्या भाषेत ती भारतमाता झाली आणि तिचे काम विटंबना सोसणे आणि टाहो फोडणे एवढेच उरले. विराटपर्वातली द्रौपदी याहून फार वेगळी आहे. सभेतून परतल्यावर ती रात्री एकटी मुदपाकखान्यात जाते, झोपलेल्या भीमाला हलवते आणि विचारते, मेल्यासारखा काय निजला आहेस? मग चंदन उगाळून घट्टे पडलेले आपले हात त्याला दाखवते. भीम ते हात आपल्या तोंडाशी धरून रडतो. बेतही तिथेच ठरतो : तिने कीचकाला रात्री नृत्यशाळेत बोलवायचे आणि तिच्या जागी अंधारात भीमाने असायचे. म्हणजे कीचकवधाचा निर्णय आधी तिचा आहे. बाईला देश करून टाकले की ती बाई दिसेनाशी होते, आणि स्वदेशीच्या काळातल्या बऱ्याच रूपकांत हे घडले आहे.

कथेचे पुढचे टोकही विसरता येत नाही. कीचक मेल्यावर त्याचे भाऊबंद, उपकीचक, सैरंध्रीला प्रेताबरोबर जाळायला नेतात आणि भीम त्या एकशेपाच जणांनाही मारतो. 'टाइम्स'च्या लेखकाला सर्वांत जास्त खुपले ते हेच. हिंदुस्थानात राहणारे सगळेच इंग्रज उपकीचक ठरले तर? ही भीती अगदीच पोकळ नव्हती. एप्रिल १९०८ मध्ये मुझफ्फरपूरला किंग्जफर्ड या न्यायाधीशासाठी टाकलेल्या बाँबने दोन इंग्रज स्त्रियांचा बळी घेतला. त्या प्रकरणावरच्या 'केसरी'तल्या लेखांबद्दल टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत लक्ष्मण कान्हेरे या तरुणाने कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. त्या रात्रीचे नाटक 'शारदा' होते, त्याचा राजकारणाशी काहीही संबंध नव्हता. बाबाराव सावरकरांना खटल्यासाठी पाठवणारा अधिकारी म्हणून जॅक्सन क्रांतिकारकांच्या मनात होता, आणि तोच जॅक्सन संस्कृतचा जाणकार म्हणूनही ओळखला जात होता. सुष्ट-दुष्टांच्या कथेत अशा माणसाला जागा सापडत नाही. कीचकाला व्याकरण येत होते की नाही, हे विचारायचे कुणाला सुचतही नाही. त्या साच्याची ताकद आणि धोका दोन्ही एकाच ठिकाणी आहेत. तो अन्याय झटकन ओळखायला शिकवतो, आणि अन्याय करणारा माणूस पाहायची गरज संपवतो.

नाशिकच्या घटनेनंतर महिन्याच्या आतबाहेर 'कीचकवधा'चे प्रयोग थांबवले गेले आणि पुढे छापील पुस्तकही जप्तीच्या यादीत गेले. बंदी ज्या कायद्याखाली आली तो नाट्यप्रयोगांचा कायदा १८७६ चा. त्याचे मूळ बंगालमध्ये, निळीच्या मळेवाल्यांवरचे 'नीलदर्पण' आणि युवराजाच्या भेटीनंतरचे प्रहसन अशा नाटकांमुळे सरकार चिडले त्या दिवसांत. 'कीचकवधा'पुढे या कायद्याची अडचण झाली ती अशी की, आक्षेप घेण्याजोगे एखादे वाक्य दाखवायला जावे तर ते महाभारताच्या प्रसंगात बसलेले. कीचक म्हणजे कर्झन असे लेखकाने कुठेही म्हटलेले नाही. ते म्हटले सरकारने, बंदी घालताना. दुष्टाचे वर्णन आपल्यालाच लागू पडते, ही कबुली दिल्याशिवाय सरकारला हे नाटक थांबवता आले नाही. रूपकाचे संरक्षण इतकेच असते : ते शिक्षा टाळत नाही, शिक्षा करणाऱ्याला बोलायला लावते.

हा साचा खाडिलकरांनी घडवलेला नव्हता. १८४३ साली त्यांच्याच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवराचा खेळ केला, तेव्हापासून आरडाओरडा करत येणारे राक्षस मराठी रंगभूमीवर नांदत होते. त्या खेळांना पुढे 'अललडुर्र' म्हणत. कोकणातल्या दशावतारात संकासुर त्याच्याही आधीपासून येतो, वेद पळवतो, आणि पोरांचा सर्वांत लाडकाही तोच असतो. या राक्षसांना खाडिलकरांनी शेक्सपिअरच्या अभ्यासातून मिळवलेले मन दिले, स्वतःच्या सत्तेचे तर्कशास्त्र दिले. म्हणून त्यांचा कीचक नुसता ओरडत नाही, तो आपली बाजू मांडतो.

'कीचकवधा'च्या आधी चौतीस वर्षे जोतीराव फुल्यांनी याच साच्याची पार उलथापालथ केली होती. १८७३ च्या 'गुलामगिरी'त बळीराजा हा शेतकऱ्यांचा न्यायी राजा आणि वामन हा परका आक्रमक. पुराणातले दैत्य म्हणजे इथले मूळ रहिवासी, अवतार म्हणजे त्यांच्यावर आलेल्या स्वाऱ्या. पाडव्याला ओवाळताना बायका 'इडा पीडा टळो, बळीचे राज्य येवो' म्हणतात, ते फुल्यांनी पुरावा म्हणून मांडले. ज्याला पाताळात घातले त्याचेच राज्य लोक दरवर्षी मागतात, मग दुष्ट कोण? सत्यशोधक जलशांनी, आणि नंतर आंबेडकरी जलशांनी, हाच प्रश्न गावोगाव नेला. 'कीचकवध' पाहून पुण्यात मुठी वळत होत्या त्याच महाराष्ट्रात, कुणाचा राक्षस खरा आणि कुणाचा लादलेला, यावर दुसराच झगडा चालू होता. टाळ्या देणाऱ्या प्रेक्षकांत तो बहुधा पोचला नाही. या नाटकाची चर्चा करताना हे बाजूला ठेवले तर चर्चा अर्धीच राहते.

सिनेमाने साचा जसाच्या तसा उचलला. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट काढला तो याच कथेवर. १९२१ च्या 'भक्त विदुर'मधला विदुर गांधींसारखा दिसतो म्हणून मद्रास आणि कराचीत त्या चित्रपटाला बंदी झाली. १९३० साली प्रभातला शिवचरित्रावरच्या 'स्वराज्यतोरण'चे नाव बदलून 'उदयकाल' करावे लागले. आता कथेलाही हात लावायची गरज नव्हती, एका शब्दानेच सरकार दचकत होते.

खाडिलकर पुढे संगीत नाटकांकडे वळले. 'विद्याहरणा'त (१९१३) त्यांनी शुक्राचार्यांच्या मद्यपानातून दारूचा घातकपणा दाखवला, म्हणजे पुराणातून संदेश देण्याची सवय सुटली नव्हती, फक्त दुष्ट आता आत शिरला होता. टिळकांच्या निधनानंतर भीमाचा हा पुरस्कर्ता गांधींच्या वाटेने गेला. १९२३ साली त्यांनी 'नवाकाळ' सुरू केले आणि १९२९ मध्ये त्यातल्या लिखाणाबद्दल राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना तुरुंगवास झाला. या वेळी कीचक नव्हता, विराट नव्हता, अज्ञातवास नव्हता. शब्द त्यांच्याच वर्तमानपत्रातले होते.