कोऱ्या जागेतली चाचणी

सॉफ्टवेअरमधला एक दोष असा आहे की तो ज्याच्या हातून होतो त्याच्या संगणकावर कधीच दिसत नाही. समजा, एखादा प्रोग्रॅम चालायला चार लायब्ररी (इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड) लागतात आणि पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅम इन्स्टॉल करायचं गाठोडं, बांधताना त्यातल्या तीनच नोंदवल्या गेल्या. चौथी बांधणाऱ्याच्या लॅपटॉपवर आधीपासून आहे, भलत्याच कामासाठी केव्हातरी घातलेली. त्यामुळे त्याच्याकडे सगळं सुरळीत. दुसऱ्या कुणी नव्या मशीनवर तेच पॅकेज इन्स्टॉल केलं की प्रोग्रॅम सुरू होतानाच आडवा होतो. ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे उत्तर मग ठरलेलंच, आणि ते खोटंही नसतं.

हा दोष पकडायचा तर पॅकेजने मागितलं तेवढंच हजर असेल, त्याहून काडीचंही जास्त नसेल, अशा जागी चाचणी घ्यावी लागते. ती जागा दर वेळी नव्याने तयार करायची आणि काम झालं की टाकून द्यायची.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या डेबियन या वितरणात हे काम फार शिस्तीने चालतं. जून २०२३ मध्ये आलेल्या त्याच्या बाराव्या आवृत्तीत ६४,४१९ पॅकेजं होती. इतकी पॅकेजं हाताने तपासणं शक्यच नाही. तिथे ऑटोपीकेजीटेस्ट नावाचं साधन वापरतात. कोणत्या चाचण्या घ्यायच्या आणि त्यासाठी आणखी काय लागेल, हे पॅकेजच्या सोर्समध्येच (मूळ कोडमध्ये) एका छोट्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं. साधन कोरा कंटेनर (बाकी संगणकापासून अलग ठेवलेली जागा) उभा करतं, सामान्य वापरकर्ता करेल तसं पॅकेज इन्स्टॉल करतं आणि चाचण्या चालवतं. ‘इन्स्टॉल करतं’ हे इथे फार महत्त्वाचं आहे. डेव्हलपरच्या नेहमीच्या चाचण्या सोर्सच्या फोल्डरमध्येच चालतात आणि तिथे सगळ्या फाईली हाताशी असतात. पॅकेजमध्ये एखादी फाईल घालायची राहून गेली, तर ते त्या चाचण्यांना कळायचा मार्गच नाही.

आणखी एक कडक नियम आहे. चाचणीने शेवटी ‘पास’ असा संकेत दिला, तरी एरर आउटपुटवर (चुका आणि इशारे जिथे छापले जातात तिथे) एक ओळ जरी उमटली असेल तर ती नापास धरतात; तशी सूट आधी मागून ठेवलेली असेल तरच चालतं. पहिल्यांदा हा जाच वाटतो. पण आज ‘ही पद्धत लवकरच बंद होणार आहे’ असा इशारा देणारी लायब्ररी उद्या ती पद्धत खरोखर काढून टाकते, तेव्हा हा नियम शहाणपणाचा ठरतो.

मात्र या चाचण्यांचा खरा उपयोग स्वतःच्या पॅकेजपेक्षा शेजाऱ्यांच्या पॅकेजसाठी जास्त आहे. एखाद्या लायब्ररीची नवी आवृत्ती आली की तिच्यावर विसंबून असलेल्या पॅकेजांच्या चाचण्याही नव्या लायब्ररीसह चालवतात. काल पास होणारी एखादी आज नापास झाली, तर नव्या लायब्ररीला ‘अनस्टेबल’मधून ‘टेस्टिंग’ या पुढच्या टप्प्यात जाता येत नाही. एका बदलामागे शेकडो चाचण्या लागू शकतात. प्रत्येकीसाठी अख्खा आभासी संगणक (सॉफ्टवेअरने उभा केलेला, स्वतःचा कर्नल असलेला संगणक) बूट करायचा म्हटलं तर रांग संपायचीच नाही.

कंटेनर इथे कामी येतो, कारण तो संगणक नसतोच. साध्याच प्रोसेसना (चालू प्रोग्रॅमना) कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, वेगळं जग दाखवतो, एवढंच. १९७९ च्या युनिक्समध्ये आलेल्या ‘सीएचरूट’ने फक्त फाईलींचं जग वेगळं केलं होतं. पुढे लिनक्समध्ये नेमस्पेस आले आणि प्रोसेसची यादी, नेटवर्क, वापरकर्ते हेही वेगळे दाखवता येऊ लागले. कुणी किती मेमरी आणि सीपीयू वापरायचा, याला सीग्रुप लगाम घालतात. ते २००८ मध्ये कर्नलमध्ये आले आणि एलएक्ससी हे कंटेनर साधनही त्याच वर्षीचं. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने ही कल्पना घरोघरी नेली. बूट करायला वेगळा कर्नल नसल्यामुळे कंटेनर काही क्षणांत उभा राहतो.

पण कर्नल एकच असल्यामुळे हे जग थोडं फसवंही असतं. कंटेनरला दोन सीपीयूंइतक्याच वेळेचा कोटा दिलेला असतो, पण चाचणीने ‘इथे किती सीपीयू आहेत?’ असं विचारलं की पुष्कळदा मूळ मशीनचा आकडा मिळतो, समजा ६४. मग ती ६४ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) सुरू करते, सगळे दोन सीपीयूंच्या वाट्यात भांडत बसतात आणि वेळमर्यादा उलटून चाचणी नापास होते. कोडमध्ये काहीच चूक नसते.

रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याचा, घोळ याहून गमतीचा. ‘वाचायची परवानगी नसलेली फाईल उघडली तर प्रोग्रॅमने नीट तक्रार करावी’ अशी चाचणी घ्या. कंटेनरमध्ये ती रूट म्हणून चालवली तर फाईल बिनदिक्कत उघडते, कारण रूटला अशी परवानगी आडवी येत नाही. चाचणी पडते, दोष प्रोग्रॅमच्या माथी. म्हणून खास गरज नसेल तर चाचणी साध्या वापरकर्त्याच्या नावानेच चालवावी.

तिसरी अडचण पहिल्या क्रमांकाच्या प्रोसेसची. पूर्ण प्रणालीत ती जागा इनिटची: सेवा सुरू करणं आणि अनाथ प्रोसेस आवरणं हे तिचं काम. डॉकरच्या कंटेनरमध्ये त्या जागी सहसा आपलाच प्रोग्रॅम बसतो आणि यातलं काहीच करत नाही. त्यामुळे डेटाबेस सर्व्हर इन्स्टॉल होऊन आपोआप सुरू होतो का, हे तिथे तपासताच येत नाही. एलएक्ससीच्या कंटेनरमध्ये मात्र इनिट चालवता येतं, आणि अशा चाचण्यांना तेच लागतं.

कर्नल मॉड्यूल (खुद्द कर्नलमध्ये जोडायचा कोड) घालायचं असेल तर कंटेनर पुरत नाही. तशा चाचण्यांवर ‘स्वतंत्र मशीन हवं’ अशी खूण करतात आणि त्या आभासी संगणकावर पाठवतात. शिल्लक राहतात त्या लहरी चाचण्या: कधी पास, कधी नापास, कारण लोड किंवा वेळेचं गणित. त्यांच्यासाठीही ऑटोपीकेजीटेस्टमध्ये वेगळी खूण आहे. ती असली की नापास निकालाने कुणाची वाट अडत नाही. माझ्या मते ही खूण फार जपून वापरावी, पण वेळेवर वापरावी. एरवी लोकांना लाल निकाल दिसला की न वाचताच चाचणी पुन्हा चालवायची सवय लागते, आणि त्या सवयीत खरा दोषही दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत हिरवा होऊन निसटू शकतो.