पार्श्वभूमी : रावबहादूर बोले यांचे दोन ठराव

रावबहादूर सीताराम केशव बोले यांचे नाव कोकणात बहुधा महाडच्या सत्याग्रहाची प्रस्तावना म्हणून येते. "बोले ठराव झाला आणि मग..." असे म्हणून सांगणारा पुढे जातो. पण या ठरावाची चार वर्षांची फरफट नीट पाहिली, तर महाडला लोकांना स्वतःच पाण्यापर्यंत चालत का जावे लागले, हे समजते.

बोले भंडारी समाजातले. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत सर्वांत जास्त माणसे रत्नागिरी जिल्ह्यातली होती, आणि बोल्यांचे सार्वजनिक काम त्याच वस्त्यांत, कामगारांच्या आणि आपल्या ज्ञातीच्या संघटना बांधण्यात उभे राहिले. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा मुंबईत त्यांच्या अभिनंदनाची सभा भरली. तिचे अध्यक्ष बोले होते. पुढे १९१९ च्या सुधारणांनंतरच्या मुंबई कायदेमंडळात ते गेले. तिथे त्यांनी खोतीविरुद्ध, म्हणजे सरकारसाठी सारा वसूल करणाऱ्या खोताच्या हाती कुळांना देणाऱ्या कोकणातल्या पद्धतीविरुद्ध, आवाज उठवला आणि वतनदार जोशाच्या दक्षिणेच्या हक्काला हात घातला. गावच्या वतनदार जोशाकडून विधी करून घेतला नाही तरी त्याला पैसे द्यावे लागत. १९२६ च्या कायद्याने ही सक्ती उठली. कोकणातल्या ब्राह्मणेतर घरांना याचे मोल चांगलेच ठाऊक होते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी कायदेमंडळाने बोल्यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या, न्यायालये आणि दवाखाने अस्पृश्य मानलेल्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय. घोटाळा झाला तो अंमलबजावणीत. कायदेमंडळाला सरकारकडे शिफारस करता येत होती. हुकूम काढणे सरकारच्या हाती होते. सप्टेंबरमध्ये आदेश निघाला, पण त्याचे दोन भाग होते. सरकारी खात्यांनी ठराव अमलात आणावा, हे स्पष्ट होते. नगरपालिका आणि लोकल बोर्डांच्या बाबतीत मात्र कलेक्टरांनी त्यांना ठराव स्वीकारण्याचा विचार करण्याचा सल्ला द्यावा, एवढेच होते. बहुतेक विहिरी आणि तळी होती ती नेमकी याच संस्थांच्या ताब्यात. जिथे ठरावाची खरी गरज, तिथेच तो ऐच्छिक ठरला. त्या वेळच्या सरकारने जाणूनबुजून घेतलेला हा आखडता हात होता, असेच म्हणावे लागते.

महाडच्या नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कोकणातल्या एका लहान गावाने हे धैर्य दाखवले, याचे श्रेय तिथल्या तेव्हाच्या सुधारकांना द्यायलाच हवे. पण तळ्यावर कोणी गेले नाही, कारण गेल्यास काय होईल हे सगळ्यांना माहीत होते.

सल्ल्याने काम होत नाही हे बोल्यांनी ओळखले. ऑगस्ट १९२६ मध्ये त्यांनी दुसरा ठराव मांडला : ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिला ठराव पाळणार नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे. आज हा ठराव फारसा कोणी आठवत नाही. माझ्या मते बोल्यांची खरी राजकीय समज याच ठरावात दिसते. स्थानिक पुढाऱ्यांचे मन वळेपर्यंत तहानलेल्याने थांबावे हे त्यांना मान्य नव्हते; नकाराची किंमत नकार देणाऱ्याने मोजावी, हा त्यांचा आग्रह होता.

२० मार्च १९२७ ला काय झाले ते सर्वांना माहीत आहे : बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानलेले लोक चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्याले, आणि नंतर त्यांना मारहाण झाली. त्यानंतर महाडच्या नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. तारीख होती ४ ऑगस्ट १९२७, म्हणजे कायदेमंडळाच्या ठरावाला त्याच दिवशी चार वर्षे पुरी होत होती. ठराव रद्द करणाऱ्यांची बाजू गावात शांतता राखण्याची होती, असे सांगितले जाते. पण मारहाण पाणी पिणाऱ्यांना झाली होती, आणि शांततेसाठी हक्क सोडावा लागला तोही त्यांनाच. डिसेंबरात सवर्णांपैकी काहींनी दिवाणी न्यायालयातून मनाईहुकूम आणला. तळे खाजगी आहे, आणि अस्पृश्यांना मज्जाव ही जुनी रूढी आहे, असा त्यांचा दावा होता. तो दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने तो फेटाळला. मज्जावाची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे हे सिद्ध झाले नाही, या मुद्द्यावर निकाल लागला.

त्याच वर्षी बाबासाहेबांनी कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. खोती प्रत्यक्षात गेली ती स्वातंत्र्यानंतरच्या कायद्याने. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात सरकारी पैशातून राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांच्या वापरात भेदभावाला मनाई आहे. १९२३ चा ठराव या कलमाशेजारी ठेवून वाचावा. सार्वजनिक पैशाचा आधार दोन्हीकडे तोच आहे. पाणवठ्यावर अडवणाऱ्याला शिक्षा देणारा देशव्यापी कायदा १९५५ साली आला. बोले तेव्हा हयात होते. त्यांचे निधन १९६१ साली झाले.