सोळा इंची तबकडी कुठून आली?

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका जुन्या घराचा माळा उपसताना परातीएवढी काळी रेकॉर्ड निघाली. अंगभर पांढरी भुकटी, लेबलावर इंग्रजीत ‘फक्त प्रसारणासाठी’. घरच्यांनी दोन निष्कर्ष काढले: तिला बुरशी लागलीय आणि तरीही ती लाखभराची असणार. दोन्ही चुकीचे आहेत. अशी तबकडी कुठून आली हे तिच्या अंगावरच लिहिलेलं असतं, आणि ते वाचण्यात किमतीपेक्षा कितीतरी जास्त मौज आहे.

टेप रेडिओवर रुळली ती 1947-48 नंतर. त्याआधी कार्यक्रम साठवायचा किंवा दुसऱ्या केंद्राला पाठवायचा तर तबकडीच हवी. घरातली 12 इंची रेकॉर्ड मिनिटाला 78 फेरे घेत चार-पाच मिनिटांत संपायची. रेडिओची 16 इंची तबकडी 33⅓ फेऱ्यांनी फिरे आणि एका बाजूला पंधरा मिनिटं चाले. हा आकार आणि वेग मुळात सिनेमाचा. 1926 साली अमेरिकेत व्हिटाफोन या ध्वनिपद्धतीच्या बोलपटांचा आवाज अशाच तबकड्यांवरून वाजायचा. ज्या गावात 1929 साली प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली, त्या कोल्हापुरात हे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

आता तबकडी हातात घ्या, फक्त कडेने धरून. मधल्या भोकात डोकावा. आत धातूची चंदेरी कड दिसली तर ती अ‍ॅल्युमिनियमवर लॅकरचा (वार्निशासारख्या लेपाचा) थर दिलेली, त्या थरातच आवाजाची खाच थेट कापलेली तबकडी. दुसऱ्या महायुद्धात अ‍ॅल्युमिनियम विमानांकडे वळलं, तेव्हा काचेवरही लॅकर चढवत. अशी तबकडी बहुधा एकुलती एक असते, ध्वनिमुद्रणाच्या जागीच कापलेली. लेबलाखाली मधल्या भोकाशेजारी आणखी एखादं भोक लागलं तर खात्री वाढते, कारण कापताना तबकडी घसरू नये म्हणून त्यात खुंटी बसवत. धातू नाही, तबकडी किंचित वाकते, दिव्यासमोर धरल्यावर काही वेळा लालसर दिसते, तर ती साच्यातून दाबलेली व्हिनाइलची प्रत. अशा प्रती अनेक केंद्रांना जायच्या. 1942 मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन सैन्याच्या रेडिओ सेवेने त्या जगभर पाठवल्या. आपल्या आकाशवाणीची ट्रान्स्क्रिप्शन सेवा, म्हणजे कार्यक्रम मुद्रित करून साठवणारा विभाग, 1954 ची.

लेबलाबाहेरच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेले आकडेही बघा. आरसीए या अमेरिकन कंपनीच्या तबकडीवर ‘डी 5’ अशी सुरुवात असेल तर साल 1945.

पण माझी सगळ्यात आवडती खूण वेगळीच आहे. काही तबकड्या आतून सुरू होतात आणि पिन बाहेर सरकत जाते. (त्या फिरतात मात्र नेहमीच्याच दिशेने, उलटं काही वाजत नाही.) असं का? 33⅓ फेऱ्यांच्या वेगाने एक फेरा 1.8 सेकंदांचा. बाहेरच्या कडेला, साधारण 39 सेंमी व्यासावर, त्या वेळात पिनेखालून 122 सेंमी खाच जाते, म्हणजे सेकंदाला 68 सेंमी. आत 19 सेंमी व्यासावर जेमतेम 33. त्यामुळे 5000 हर्ट्‌झचा स्वर बाहेर 136 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) लांबीच्या लाटेत कोरला जातो, आत फक्त 66 मायक्रॉनच्या. पिनेच्या टोकाची त्रिज्याच सुमारे 60 मायक्रॉन! इतकी दाट वळणं तिला धरता येत नाहीत. झांजेची किणकिण, ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात.

तासाभराचा कार्यक्रम चार बाजूंवर असे. पहिली बाजू आत संपताना आवाज मंदावलेला. दुसरी बाहेरून सुरू केली तर तो एकदम उजळणार आणि सांधा श्रोत्याच्या कानाला कळणार. म्हणून दुसरी आतून सुरू करायची, तिसरी बाहेरून. सांध्याच्या दोन्ही बाजूंना खाचेचा वेग सारखाच! शिवाय आतून कापताना निघणारा लॅकरचा तंतू मध्याकडे राहतो, कापणाऱ्या टोकात अडकत नाही. तेव्हा ‘भाग 2’ आणि ‘आतून सुरू’ असं एकत्र दिसलं, तर ती दोन टर्नटेबलं शेजारी ठेवून वाजवायच्या लांब कार्यक्रमाची तबकडी समजा.

भुकटीचं बोलायचं तर लॅकर म्हणजे सेल्युलोज नायट्रेट, आणि ते लवचीक राहावं म्हणून त्यात एरंडेल घालत. दमट हवेत, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात दमटपणाला तोटा नाही, तेलाचं विघटन होऊन पामिटिक, स्टिअरिक ही मेदाम्लं पृष्ठभागावर येतात. तीच ही पांढरी भुकटी. तेल गेलं की लॅकर आक्रसतं, खालचा धातू आक्रसत नाही, मग थर तडकून सोलपटतो. त्याबरोबर आवाजही जातो.

जुन्या रेडिओत ‘रेड मर्क्युरी’ नावाचा पदार्थ असतो, तो कोट्यवधींना जातो, असे फॉरवर्ड फिरतात. असा पदार्थच नाही. त्या नादात लोक जुने संच फोडतात आणि शेजारची खरी दुर्मिळ तबकडी भंगारात जाते, याची मला चीड येते.

तबकडी स्पिरिटने पुसू नका, लॅकर विरघळतं. उभी ठेवा, कोरड्या जागी. घरच्या एलपी प्लेअरवर लावू नका. 16 इंच त्यावर मावत नाहीत आणि त्याची बारीक पिन या रुंद खाचेच्या तळाशी खरवडते. लेबलाचे आणि कोरीव आकड्यांचे फोटो काढा. मग रुंद खाचेची पिन असलेल्याकडून तिचं डिजिटल ध्वनिमुद्रण करून घ्या. थर सोलपटायला लागला असेल तर याच पावसाळ्याआधी.